केरिमॅकी : गाव जागेवर, कुंता गेली



फिनलंडचे दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवा, एक २०१२ सालचा आणि एक २०१३ सालचा. पूर्वेकडे, रशियाच्या सरहद्दीपासून फार दूर नाही अशा सरोवरांच्या मुलखात पहिल्या नकाशावर केरिमॅकी नावाचा एक स्वतंत्र तुकडा दिसेल. दुसऱ्या नकाशावर तो तुकडा नाही! पूर आला नाही, युद्ध झालं नाही, कोणी घर सोडून गेलं नाही. ३१ डिसेंबर २०१२ च्या रात्री लोक केरिमॅकीचे नागरिक म्हणून झोपले आणि १ जानेवारीला उठले ते शेजारच्या सावोनलिन्ना शहराचे नागरिक म्हणून.

आपल्यापैकी बहुतेक जण एस्पो, हेलसिंकी, वांता नाहीतर ओउलु-तांपेरे अशा मोठ्या ठिकाणी राहतो. खेड्यातली एक म्युनिसिपालिटी शहरात विलीन झाली तर त्याचं आपल्याला काय, असं कोणी विचारेल. पण या देशात आपल्या मुलांची शाळा, पाळणाघर, वाचनालय, घराजवळच्या बर्फ काढलेल्या वाटा हे सगळं ज्या एका संस्थेच्या हातात असतं, ती संस्था जन्मते कशी आणि संपते कशी हे केरिमॅकीच्या गोष्टीतून छान समजतं. म्हणून हा लेख.

कुंता म्हणजे काय?

फिनिश भाषेत म्युनिसिपालिटीला ‘कुंता’ म्हणतात. (महाभारतातल्या कुंतीशी काही संबंध नाही!) आपल्याकडे गावाला ग्रामपंचायत, त्यावर पंचायत समिती, त्यावर जिल्हा परिषद, शहराला नगरपालिका किंवा महानगरपालिका अशी उतरंड असते. फिनलंडमध्ये ही उतरंड नाही. हजार वस्तीचं खेडं असो की साडेसहा लाखांहून जास्त वस्तीचं हेलसिंकी, दोन्ही कायद्याने कुंताच. चार वर्षांनी निवडून येणारी परिषद दोन्हीकडे, आणि बरीचशी कर्तव्यंही दोन्हीकडे सारखीच.

ही व्यवस्था जुनी आहे. पूर्वी गावाचा कारभार चर्चच्या मंडळीमार्फत चालायचा. १८६५ च्या फर्मानाने खेड्यांतला कारभार चर्चपासून वेगळा झाला आणि कुंता ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिचं खरं बळ म्हणजे टॅक्स. प्रत्येक कुंता आपल्या रहिवाशांच्या उत्पन्नावर कर लावते आणि त्याचा दर तिची परिषदच ठरवते. केरिमॅकीचं विलीनीकरण झालं त्या काळात हा दर देशात सरासरी १९ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे पाच-साडेपाच हजार लोकांचं गाव आपला कर स्वतः ठरवायचं, आपली शाळा चालवायचं आणि डॉक्टरची व्यवस्थाही आपणच पाहायचं. आपल्याकडच्या कुठल्याही सरपंचाला हेवा वाटेल असं हे प्रकरण!

केरिमॅकीची ओळख

हेलसिंकीहून ईशान्येला सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर सावोनलिन्ना हे शहर आहे. ‘लिन्ना’ म्हणजे किल्ला. १४७५ साली पाण्यातल्या खडकावर बांधायला घेतलेला ओलाविनलिन्ना किल्ला आणि त्याच्या चौकात दर उन्हाळ्यात भरणारा ऑपेरा महोत्सव यांमुळे हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. तिथून पूर्वेला वीस-पंचवीस किलोमीटर गेलं की केरिमॅकी. ‘मॅकी’ म्हणजे टेकडी. गाव पुरुवेसी नावाच्या सरोवराकाठी वसलेलं आहे. ‘वेसी’ म्हणजे पाणी.

साइमा या अवाढव्य सरोवरसमूहाचा पुरुवेसी हा एक भाग, तरी त्याचा थाट वेगळा. मोठी नदी त्यात येऊन मिळत नाही, त्यामुळे दलदलीतलं तपकिरी पाणी फारसं येत नाही. फिनलंडमधली पुष्कळ सरोवरं चहाच्या रंगाची असतात, पुरुवेसी मात्र नितळ पाण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे.

या पाण्यात ‘मुइक्कु’ नावाचा छोटासा, चंदेरी मासा मिळतो. राईच्या पिठात घोळवून लोण्यात कुरकुरीत तळायचा आणि काट्यासकट खायचा. मांदेली खाल्लेल्या माणसाला आणखी वर्णनाची गरज नाही! हिवाळ्यात सरोवर गोठलं की इथले कोळी बर्फाला भोकं पाडतात, दोर एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे बर्फाखालून सरकवतात आणि त्यामागून मोठं ओढजाळं पसरून दुसऱ्या टोकाला वर ओढून काढतात. बापजाद्यांकडून आलेली ही विद्या आहे. पुरुवेसीच्या मुइक्कुला युरोपीय संघाने भौगोलिक ओळखीचं संरक्षण दिलं, आपल्या कोकणच्या हापूसला २०१८ साली जी.आय. मिळाला तसंच. गंमत म्हणजे हे झालं २०१३ साली. ज्या वर्षी कुंता संपली, त्याच वर्षी सरोवराच्या माशाला कायद्याने नाव मिळालं!

आणि गावाचा मोठा मान म्हणजे चर्च. १८४४ ते १८४७ या काळात बांधलेलं केरिमॅकीचं चर्च जगातलं सर्वांत मोठं लाकडी चर्च म्हणून ओळखलं जातं. लांबी ४५ मीटर, रुंदी ४२ मीटर, उंची ३७ मीटर. बसायला तीन हजारांहून अधिक माणसं, उभी धरली तर पाच हजार. म्हणजे विलीनीकरणाच्या वेळची गावाची जवळजवळ सगळी वस्ती एका छपराखाली मावेल! आराखडा ए. एफ. ग्रानस्टेट यांचा, आणि बांधकाम आक्सेल मागनुस तोल्पो आणि त्यांच्या मुलाचं. या चर्चबद्दल एक दंतकथा सांगतात की नकाशातल्या मापांचा घोटाळा झाला, सेंटिमीटर होते ते इंच समजले आणि चर्च भलतंच मोठं झालं. गोष्ट ऐकायला मजेदार आहे, पण फिनलंडमध्ये मेट्रिक मापं आली ती १८८० च्या दशकानंतर. चर्च त्याच्या चाळीस वर्षं आधीचं! गावाला एवढं मोठं चर्च हवं होतं आणि त्यांनी ते जाणूनबुजून बांधलं. इतक्या मोठ्या इमारतीला हिवाळ्यात ऊब देणं अवघड, म्हणून थंडीतल्या प्रार्थनांसाठी शेजारी वेगळं छोटं चर्च आहे.

मग कुंता गेली कशी?

फिनलंडचं क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा थोडं जास्तच, पण लोकसंख्या फक्त ५६ लाखांच्या घरात. १९६०-७० च्या दशकांत खेड्यांतली तरुण माणसं दक्षिणेकडच्या शहरांत आणि पुष्कळशी स्वीडनमध्ये कामाला गेली. मागे वय वाढत गेलेली गावं राहिली. कमावणारे कमी, म्हणजे टॅक्स कमी. म्हातारी माणसं जास्त, म्हणजे दवाखान्याचा आणि घरपोच सेवेचा खर्च जास्त. एका छोट्या कुंतेत एखाद-दोन रहिवाशांवर महागडे उपचार करावे लागले तरी वर्षाचं बजेट कोलमडायचं.

२००० साली देशात ४५२ कुंता होत्या. २००७ साली सरकारने कुंता आणि सेवांच्या फेररचनेचा कायदा केला. त्यातला कळीचा आकडा होता २० हजार. प्राथमिक आरोग्यसेवा आणि समाजसेवा चालवायला निदान इतकी लोकसंख्या हवी. एकट्या कुंतेत नसेल तर शेजाऱ्यांशी सहकार्य करा, नाहीतर विलीन व्हा. विलीन होणाऱ्यांना २००८ ते २०१३ या काळात खास अनुदान होतं, पण उशीर करणाऱ्याला कमी. शिवाय विलीनीकरणानंतर पाच वर्षं कर्मचाऱ्यांना कामावरून काढायचं नाही अशी हमी. परिणाम दिसला. १ जानेवारी २००९ या एकाच दिवशी कुंतांची संख्या ४१५ वरून ३४८ वर आली! त्या दिवशी सावोनरांता ही छोटी कुंता सावोनलिन्नामध्ये गेली. चार वर्षांनी, अनुदानाच्या शेवटच्या वर्षी, केरिमॅकी आणि सरोवरांमधल्या अरुंद, उंच डोंगरधारेसाठी प्रसिद्ध असलेलं पुंकाहार्यु या दोघांनी तीच वाट धरली. त्या वर्षीच्या विलीनीकरणांनंतर देशात ३२० कुंता उरल्या. आज ती संख्या ३१० च्याही खाली आहे.

इथे पुण्याची आठवण होणं साहजिक आहे. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं पुणे महापालिकेत आली. नकाशावर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, पण कारणं अगदी उलटी. पुण्यात शहर फुगून गावांच्या अंगावर आलं. इथे गाव आणि शहर दोन्ही आटत होती आणि एकमेकांना धरून उभं राहायचा विचार होता.

काय गेलं, काय राहिलं?

गावाचं नाव राहिलं. आजही पत्र टाकायचं तर पत्त्यावर ‘५८२०० केरिमॅकी’ असंच लिहितात. चर्च राहिलं, सरोवर राहिलं, मुइक्कु राहिला. रस्त्यांच्या पाट्या राहिल्या.

गेली ती परिषद. २८ ऑक्टोबर २०१२ च्या निवडणुकीत केरिमॅकीच्या लोकांनी स्वतःच्या नव्हे तर नव्या, वाढलेल्या सावोनलिन्नाच्या परिषदेसाठी मत दिलं. हिशोब सोपा आहे. केरिमॅकीचे सुमारे साडेपाच हजार लोक, नव्या शहराचे ३६ हजारांवर. म्हणजे साधारण सातात एक. आतापर्यंत गावातली शाळा ठेवायची की नाही हे ठरवणारी सगळी माणसं गावातली होती. आता सातातली सहा माणसं बाहेरची. ती दुष्ट असतात असं नाही. पण त्यांची मुलं त्या शाळेत जात नाहीत!

हा नुसता भावनेचा प्रश्न नाही. ओस्कारी हार्युनेन, तुक्का सारिमा आणि यान्ने तुक्याइनेन या फिनिश अर्थशास्त्रज्ञांनी २००९ च्या विलीनीकरणांचा अभ्यास केला आहे. ज्या जुन्या कुंतांना नव्या परिषदेत प्रतिनिधी कमी मिळाले, तिथल्या प्रशासनातल्या आणि आरोग्य-समाजसेवेतल्या नोकऱ्या कमी होत गेल्या, असं त्यांना दिसलं. परिषदेतल्या खुर्च्या मोजणं म्हणजे पोकळ राजकारण नव्हे, हे यातून कळतं.

दुसरी बाजूही खरी आहे. साडेपाच हजारांच्या गावाने एकट्याने डॉक्टर, दंतवैद्य, शाळेचे तज्ज्ञ, इंजिनियर हे सगळे कुठून आणायचे? माणसं मिळतच नव्हती. मोठ्या संस्थेत निदान एकाची रजा दुसरा भरून काढतो. शिवाय केरिमॅकीचे पुष्कळ लोक कामाला, खरेदीला, दवाखान्याला सावोनलिन्नालाच जायचे. रोजचं आयुष्य आधीच विलीन झालेलं होतं, कागद मागून आले असं म्हणणारेही असतात.

पण वेगळी वाट धरणारं गावही जवळच आहे. शेजारच्या एनोनकोस्कीची वस्ती दीड हजाराच्या आत. तरीही ती आज स्वतंत्र कुंता आहे. तेव्हा छोटं असलं की विलीन व्हावंच लागतं असं नाही.

आणि मग नियम बदलला

आता गोष्टीचा पुढचा भाग. विलीनीकरणांमागचं मुख्य कारण होतं आरोग्य आणि समाजसेवेचा खर्च. या सेवांचं काय करायचं यावर फिनलंडमध्ये वर्षानुवर्षं खल चालला. मार्च २०१९ मध्ये तर ही सुधारणा फसली म्हणून पंतप्रधान युहा सिपिला यांच्या सरकारने राजीनामा दिला. अखेर २०२१ साली कायदा झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून आरोग्य, समाजसेवा आणि अग्निशमन ही कामं देशभरातल्या सगळ्या कुंतांकडून काढून २१ नव्या ‘कल्याण प्रदेशां’कडे देण्यात आली. (हेलसिंकी शहर तेवढं ही कामं स्वतःच पाहतं.) त्यांचा पैसा सरकारकडून येतो. म्हणून त्या दिवशी सगळ्या कुंतांचे कराचे दर एकसाथ १२.६४ टक्के-अंकांनी कमी झाले आणि तितका भार राज्याच्या करात गेला. आपल्या टॅक्सच्या कागदावर तो बदल आपणही पाहिला असेल.

म्हणजे बघा, ज्या ओझ्यासाठी केरिमॅकीने आपली कुंता सोडली, ते ओझं बरोबर दहा वर्षांनी सगळ्यांच्याच डोक्यावरून उतरलं. केरिमॅकी दहा वर्षं तग धरून राहिली असती तर? याचं खात्रीने उत्तर देता येणार नाही, कारण शाळा आणि रिकामी होणारी घरं हे प्रश्न तसेच राहिले असते. पण ज्या कारणासाठी आपण कायमचा निर्णय घेतो ते कारण कायमचं असतंच असं नाही, एवढं खरं.

आणि सावोनलिन्नाचं काय झालं? तिथे शिक्षक-प्रशिक्षणाचा विद्यापीठ विभाग होता, तो २०१८ साली योएन्सूला हलवला गेला. शहराचा स्वतःचा रुग्णालय जिल्हा होता, तो २०२३ पासून मिक्केलीत मुख्यालय असलेल्या दक्षिण सावो कल्याण प्रदेशात सामावला. मिक्केली सावोनलिन्नाहून सुमारे शंभर किलोमीटर! आपल्या इस्पितळात कोणत्या सेवा राहणार ही काळजी आता शहराला लागलेली असते. केरिमॅकीला जे सावोनलिन्नाबद्दल वाटलं असेल, तेच सावोनलिन्नाला मिक्केलीबद्दल वाटतं. लोकसंख्याही घटून ३३ हजारांच्या खाली आली आहे. विलीनीकरणाने कारभाराची घडी बदलली, पण तरुणांचं जाणं थांबलं नाही. सासूच्याही वर सासू असते, असं म्हणा ना!

आपल्याला यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट म्हणजे मत. कुंता आणि कल्याण प्रदेश या दोन्ही निवडणुकांत मत द्यायला फिनलंडचं नागरिकत्व लागत नाही. वय १८ पूर्ण असावं आणि युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाची, म्हणजे आपली, फिनलंडमधली अधिकृत रहिवासाची नोंद सलग दोन वर्षांची असावी, एवढंच. १३ एप्रिल २०२५ ला या दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या, पुढच्या २०२९ साली आहेत. ‘आपण काय, पाहुणे’ असं म्हणून हे कार्ड आपल्यातले काही जण टपालाबरोबर केराच्या टोपलीत टाकतात. केरिमॅकीच्या माणसाला विचारा, आपली परिषद असणं म्हणजे काय ते!

दुसरी गोष्ट मुलांच्या मराठीची. शाळेत मातृभाषेचे वर्ग भरवायचे की नाही हे कुंता ठरवते. तिच्यावर तशी सक्ती नाही, पण निदान चार मुलांचा गट जमला तर आठवड्याला दोन तासांसाठी राज्याकडून अनुदान मिळतं. आपल्या गावात चार मराठी मुलं आहेत का? असतील तर अर्ज कुंतेकडेच करायचा. तिथे आपलं म्हणणं ऐकणारं कोणी असणं महत्त्वाचं आहे.

तिसरी गोष्ट, जानेवारी २०२५ पासून रोजगार सेवाही कुंतांकडे आल्या आहेत. त्यासाठी निदान २० हजार कामकरी लोकसंख्या हवी, म्हणून छोट्या कुंतांना पुन्हा शेजाऱ्यांशी हात मिळवावे लागले आहेत. नोकरी गेली तर ज्या दारात जायचं ते दार आता कुंतेचं आहे.

शेवटी, उन्हाळ्यात ऑपेरासाठी किंवा किल्ला बघायला सावोनलिन्नाला गेलात तर अर्धा दिवस जास्तीचा ठेवा. (हेलसिंकीहून आगगाडीने जाणार असाल तर पारिक्काला इथे गाडी बदलावी लागते.) केरिमॅकीला जा, लाकडी चर्चमध्ये पाच मिनिटं शांत बसा, पुरुवेसीच्या पाण्यात पाय बुडवा आणि मुइक्कुची एक प्लेट संपवा. शाकाहारी मंडळींनी सरोवराकाठी कॉफी आणि दालचिनीच्या पावावर समाधान मानावं!

आणि मुलांना विचारा, ‘आपली कुंता कोणती?’ उत्तर आलं नाही तर परतीच्या गाडीत बोलायला विषय मिळेल.